तीन नंबरची आरोपी

पोराच्या नावावरची केस गेली. माझ्या नावावरची पण गेली. बायकोच्या नावावरची केस तिच्यासोबतच गेली, असं वकील म्हणतो. मला ते पटत नाही. तिच्यासोबत गेली म्हणजे ती केस घेऊनच गेली ना.

मी सातवी नापास माणूस. गाव फुलंब्रीकडचं, पण शहरात हर्सूलच्या अलीकडं पिठाची गिरणी टाकली त्याला आता जन्म झाला. पुढं गिरणी, मागं घर, मधे एक विटांची भिंत. दळण मी टाकायचो, बायको गिऱ्हाईकांचे डबे झाडून द्यायची, कोणाचं आधी कोणाचं नंतर ते बघायची. गल्लीत तिला नावानं कोणी हाक मारली नाही. गिरणीवाल्या मावशी, बस.

पोरगा एकुलता एक. त्याचं लग्न कन्नडकडच्या मुलीशी झालं. गुलमंडीतल्या एका कापडदुकानदारानं जमवलं. दोन्हीकडचा बस्ता त्याच्याच दुकानात झाला, त्यामुळं त्याचं पण भलं झालं. मुलीच्या बापानं भांडी चांगली दिली. तांब्याचा हंडा, कळशी, पितळी पातेली, एकात एक बसणारे स्टीलचे डबे. हरेक भांड्यावर मुलीचं नाव आणि खाली बापाचं नाव घातलेलं. आमच्याकडं तसंच असतं. पोरगी सासरी आली की तिचं नाव बदलतात, भांड्यावरचं काही बदलत नाही.

पोरगा रागीट. हे मी लग्न जमवताना कोणाला सांगितलं नाही. लग्न झालं की निवळंल, असं सगळेच म्हणतात, मी पण म्हणालो.

पहिल्यांदा मी ऐकलं तेव्हा दुपार होती. आतून पोराचा आवाज आला, मग भांडं आदळल्याचा, मग सुनेचा. बाहेर एक बाई गव्हाचा डबा घेऊन उभी होती. तिनं ऐकू नये म्हणून मी गिरणीचं बटण दाबलं. गिरणी चालली की आतलं काही ऐकू येत नाही. बाहेरच्याला नाही आणि मला पण नाही. ती मग सवयच लागली. पुढं पुढं तर दळण नसलं तरी मी गिरणी चालू करायचो. रिकामी गिरणी फिरवली की दगडाला दगड घासतो आणि पुढच्या पिठात कच येते. गिऱ्हाईक म्हणायचे, "काका, भाकर दाताखाली कचकच करायली." मी म्हणायचो, दगडाला टाकी लावायला झाली.

बायको मधल्या दारात येऊन काहीतरी बोलायची. तिचे ओठ हलताना दिसायचे. मग ती स्वतःच बटण बंद करायची.

"बंद करा ती."

"दळण हाय."

"कोणाचं हाय? काय दळायलेत, वारा? आत या अन् पोराचा हात धरा."

मी म्हणायचो, नवरा-बायकोत आपण कशाला पडायचं. ती पडायची. एकदा मधे गेली तर तिच्याच हातातल्या बांगड्या फुटल्या आणि मनगटाला लागलं. शेजारणीला तिनं सांगितलं, न्हाणीत पाय घसरला. त्या रात्री मनगटाला हळद लावताना ती मला एवढंच म्हणाली, "तुमचा धाक हाय त्याला. माझा नाय." मला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं. धाक आहे म्हणाली म्हणून. ती काय मागत होती ते कळलं नाही, किंवा कळलं होतं.

मग एक दिवस मुलीचा बाप जीप घेऊन आला आणि मुलीला घेऊन गेला. बायकोनं वाटेसाठी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मी गिरणीवर होतो.

त्यानंतर पोलिसांचा निरोप आला, सुनेनं छळाची केस टाकली होती. अशा केसमधे नावं घालायची एक पद्धत असते. घरात कोण कोण आहे विचारतात, जो घरात तो कागदावर. आमच्याकडं दीर-नणंद नव्हते, म्हणून तिघांवर भागलं. एक नंबर पोरगा, दोन नंबर मी, तीन नंबर बायको. माझं नाव आलं त्याचं मला काही वाटलं नाही. पण तिला पोलिस ठाण्यात बाकावर बसलेलं बघून माझं डोकं फिरलं. राग मुलीच्या बापाचा आला. यायला पाहिजे होता पोराचा.

जामीन झाला, तारखा सुरू झाल्या. पहिल्या तारखेला ती कोर्टात आत जायच्या आधी चपला काढायला लागली. मी म्हणालो, अगं हे देऊळ नाय. ती म्हणाली, "न्याय देतात ना? मग असू द्या." अनवाणीच आत गेली. शिपायानं तिचं नाव पुकारलं, तिचं, माझं आणि आडनाव, अख्ख्या व्हरांड्यात घुमलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "लग्नात नाव घ्यायला लावलं ते तुमचं. माझं नाव एवढ्या मोठ्यानं आजच कोणी घेतलं बघा." हसत म्हणाली. मी हसलो नाही.

गावी जाताना फुलंब्रीची बस हर्सूलच्या जेलपासून जाते. आधी ती खिडकीला बसायची. केस लागल्यावर आतल्या बाजूला बसायला लागली.

सुनेची भांडी तिनं धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून पोत्यात बांधली आणि मला माळ्यावर ठेवायला लावली. घरातला कुकर गळायला लागला तरी पोत्यातलं एक पातेलं तिनं खाली काढू दिलं नाही. पोराला म्हणाली, "नाव वाच आधी त्याच्यावरचं. तुझं हाय का?" दर दिवाळीला ती पोती खाली घ्यायला लावायची. हंडा-कळशी चिंचेनं घासायची, वाळवायची, परत बांधायची. मी माळ्यावर चढायचो आणि बडबडायचो, दुसऱ्याच्या भांड्याची एवढी सेवा.

मिटवायची वेळ एकदा आली होती. गुलमंडीच्या त्याच दुकानदारानं दोन्हीकडच्यांना दुकानात बोलावलं. देण्या-घेण्याचं, सोडचिठ्ठीचं, सगळं चहा संपायच्या आत ठरलं. अडलं भांड्यांवर.

मुलीचा बाप म्हणाला, "आधी भांडी येऊ द्या पाव्हणं. मग पोरगी सही करंल."

मी म्हणालो, "आधी सही. मग भांडी."

"भांड्यावर माझ्या पोरीचं नाव हाय."

"अन् केसवर माझ्या बायकोचं हाय. ते काढा आधी."

दुकानदारानं कपाळाला हात लावला. "अरे यार, दोघंबी बुजुर्ग माणसं. हंड्या-कळशीसाठी कोर्टात मरता का?"

बायको गादीच्या कडेला बसली होती. तिनं माझी बाही ओढली. "देऊन टाका. बांधून ठेवलीत मी. आजच देऊ."

मी चारचौघांत तिला म्हणालो, "तू गप."

ती गप बसली. जन्मभरात मला गप बसवायला तीच सापडली, पोरगा सापडला नाही.

माझं डोकं असं चालत होतं की भांडी गेली की आपल्या हातात काय राहतं? ते सही करणार नाहीत आणि आपण बसू तोंड बघत. मुलीच्या बापाचं डोकं पण तसंच चालत असणार. दोघं शेतकऱ्याच्या पोटचे, बांध सोडायचा नाही एवढंच शिकलेले. उठलो आणि आलो. त्या दिवशी मिटलं असतं तर तिचं नाव तिच्या डोळ्यांदेखत निघालं असतं.

पुढं तिला श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. ती म्हणाली, "आता व्हय कळलं तुम्हाला?" अशी चेष्टा करायची. वकील म्हणाला, मावशींना तारखेला आणू नका, मी गैरहजेरीच्या माफीचा अर्ज देतो. ती ऐकायची नाही. आपण गेलो नाही तर साहेबाला वाटंल हिनं केलंच असंल, म्हणून दम खात, भिंत धरत जिना चढायची. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तिनं मला एकच विचारलं. "माझं नाव निघंल का हो त्याच्यातून?" मी म्हणालो, निघंल, तू बरी हो. ती म्हणाली, "मी गेल्यावर निघून काय करायचं मग." आणि नंतर स्वतःच म्हणाली, "निघालं तरी चालंल. गेल्यावर निघालं तरी."

ती गेली. दहाव्याला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, भाग्याची, काही इच्छा राहिली नव्हती. मला त्या कावळ्याचा राग आला.

वकिलानं मृत्यूचा दाखला मागितला. मी नेऊन दिला. पुढच्या तारखेला साहेबांनी तीन नंबरच्या आरोपीची केस बंद केली. मला वाटलं, सुटली. बाहेर आल्यावर विचारलं, "म्हणजे निर्दोष ना?"

"निर्दोष नाही काका. मयत. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, म्हणून बंद."

"मग केलं का नाही केलं, ते?"

"ते आता कोणी ठरवणार नाही."

मी स्वतःच्या हातानं तो दाखला दिला होता. न देता काय केलं असतं ते मला माहीत नाही, पण दिला तो मीच.

केस लागली तेव्हा शहर औरंगाबाद होतं. मधे एसटीच्या पाट्या बदलल्या, संभाजीनगर झालं. पोराचं वय पण चाललं होतं. सोडचिठ्ठी वेगळ्या कोर्टातनं झाली होती, त्याला दुसरं लग्न करायचं होतं, पण केस असलेल्या पोराला कोणी दारात उभं करत नव्हतं. वकील म्हणाला, दोन्ही बाजूंची संमती असंल तर हायकोर्टाच्या खंडपीठात केस मुळातनं रद्द होते, कोरी पाटी. फक्त मुलीनं येऊन सांगायचं, माझी हरकत नाही.

या वेळी मी कोणाला विचारलं नाही. टेम्पो केला, माळ्यावरची पोती काढली आणि एकटा कन्नडला गेलो. सही नाही, बोलणी नाही, काही नाही.

सुनेनं घराच्या ओसरीत शिलाई मशीन टाकलेलं होतं. मला बघून उठली, पण पाया पडली नाही. पाणी दिलं. तिचा बाप शेतात होता. मी पोती उतरवून ठेवली. तिनं एक सोडलं, वर्तमानपत्र काढलं. हंडा असा लखलखत होता की ती बघतच राहिली.

"हे कोणी घासलं, मामा?"

"तिनंच. दर दिवाळीला."

"आत्याबाईंनी?"

"मी माळ्यावर चढवून द्यायचो."

ती बराच वेळ हंड्यावरचं तिचं नाव बोटानं चाचपत होती. मग म्हणाली, "आत्याबाई गेल्याचं कळलं. यायचं होतं. कसं येणार."

मी म्हणालो, "पोरी, तू सही करायची का नाय ते तुझं तू बघ. माझं दुसरंच काम हाय. तिनं तुला काही केलं नाय, एवढं त्या कागदात लिहून दे."

ती म्हणाली, "त्यांनी मला बोट लावलं नाय. घरात कोण कोण हाय असं विचारलं, तेव्हा मी तिघांची नावं सांगितली. माझं बी चुकलंच." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पण मामा, तुमचं नाव मी चुकून दिलेलं नाय. गिरणी चालू झाली की मला कळायचं, आता आपलं कोणी ऐकणार नाय. अन् त्यालाबी कळायचं."

त्यालाबी कळायचं. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला वाटायचं, मी लोकांपासून लपवतोय. पोरगा बटणाचा आवाज म्हणजे बापाची परवानगी समजत होता.

खंडपीठात ती आली. तिनं शपथपत्र दिलं होतं. साहेबांनी विचारलं, कोणाच्या दबावाखाली नाही ना? ती म्हणाली, नाही. आणि मग कोणी विचारलं नसताना म्हणाली, "साहेब, माझ्या सासूनं मला कधी त्रास दिला नव्हता. तेवढं लिहून घ्या." दोन्ही वकील तिच्याकडं बघायला लागले. साहेब शांतपणे म्हणाले, त्यांची केस आधीच संपलेली आहे, इथं फक्त दोघांचा अर्ज आहे. पुढची केस पुकारली. निकाल इंग्रजीत आला. वकिलाला म्हणालो, तिचं कुठं आहे दाखवा. त्यानं पहिल्या पानावर बोट ठेवलं. नाव होतं आणि पुढं एकच शब्द, त्याचा अर्थ मयत. बाकी सगळं पोराचं आणि माझं.

आम्ही दोघं कोरे झालो. ज्यानं मारलं तो आणि ज्यानं ऐकून घेतलं तो. जी मधे पडली तिचं तसंच राहिलं.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट सांगतो, म्हणजे झालं. पोराला स्थळ आलं. मुलीचा बाप आणि मामा बघायला आले. चांगली माणसं, फुलंब्रीकडचीच. पोरानं कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी शेजारणीला सांगून पोहे करून घेतले. गिरणी बंद ठेवली होती, पाहुणे येणार म्हणून.

बाप म्हणाला, "पहिलं कसं मोडलं, ते जरा कानावर होतं. केस-बिस होती म्हणं."

पोरानं निकालाची प्रत आणून पुढं ठेवली. "रद्द झाली. काही नव्हतंच त्याच्यात."

मामानं प्रत उलटसुलट बघितली. "मग पटलं कशामुळं नाय?"

पोरानं प्रत परत घेऊन घडी घातली. मग म्हणाला, "आईचं अन् तिचं जमलं नाय. आई जरा कडक होती. आता आई नाय, तवा तो प्रश्नच नाय."

दोघांनी माना हलवल्या. त्यांना ते लगेच पटलं. सासू म्हटलं की लोकांना पटतंच. बापानं वर भिंतीकडं, तिच्या फोटोकडं बघितलं, हार होता. आणि म्हणाला, "जुनी माणसं असतात तशी. जाऊ द्या, गेलेल्या माणसाचं काय काढायचं."

मी पोराकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. आप्पा, एवढ्या वेळी. आणि माझा हात खरंच भिंतीकडं गेला, जिथं बटण आहे तिकडं. बटण भिंतीपलीकडं, मी अलीकडं, तरी हात गेला.

मी म्हणालो, "ती कडक नव्हती. पोरगा हात उचलायचा. ती मधे पडायची. अन् मी गिरणी चालू करायचो."

पोह्याची ताटली मामाच्या हातात तशीच होती. मी पुढं म्हणालो, "पोरगा आता निवळला का नाय, ते मला सांगता येत नाय. मागच्या वेळी मी सांगितलं नव्हतं, म्हणून या वेळी सांगतो. बाकी तुमचं तुम्ही बघा."

जाताना बाप दारात थांबला. चप्पल घालता घालता म्हणाला, "तुम्ही सांगितलं ते घरी जाऊन पोरीला सांगतो. जसंच्या तसं." राग होता का काय, कळलं नाही. त्यांचा निरोप अजून आलेला नाही. यायचा नाही, हे मला माहीत आहे.

ते गेल्यावर पोरगा कपबशा उचलत होता. कधी उचलत नाही तो. माझ्याकडं पाठ करून म्हणाला, "आप्पा, तेव्हा एकदा माझा हात धरला असता तर? आत्ताच तोंड फुटलं तुम्हाला?"

तो बरोबर बोलला. त्याच्या आईनं हेच सांगितलं होतं, वेगळ्या शब्दांत, बटण बंद करून. मी आईचं नाव काढायला गेलो ते पोराच्या नावावर पाय देऊन, आणि ते नाव खराब व्हायला मीच गिरणी फिरवली होती. केस रद्द करायला कोर्ट आहे. याला कोणतं कोर्ट आहे ते मला माहीत नाही.

आता तो माझ्याशी बोलत नाही. सकाळी डबा न घेता जातो. मी भाकरी करायला शिकलोय, कडेला जाड होतात. संध्याकाळी त्याच्यासाठी ताट झाकून ठेवतो आणि तो आला की मी आतल्या खोलीत जातो, माझ्या देखत जेवायला त्याला जड जातं म्हणून. आधी काही ऐकू येऊ नये म्हणून गिरणी लावायचो. आता भिंतीला टेकून कान लावून बसतो, ताटावरचं झाकण उचलल्याचा आवाज येतो का म्हणून.

काल आला.